विमानाची खांदमळणी

आमच्या यांचा देवावर विश्वास बेताचाच, पण पोथीवर मात्र पुरा. यांची पोथी म्हणजे विमानाची पुस्तकं. तेलाच्या डागांनी काळवंडलेले तीन जाडजूड इंग्रजी खंड. एकात रोजची देखभाल, दुसऱ्यात बिघाड कसा हुडकायचा ते, आणि तिसऱ्यात मोडलेलं अंग कुठवर सांधायचं आणि कुठून पुढे सांधायच्या भानगडीत पडायचं नाही ते. हा तिसरा खंड हे उशाशी घेऊन झोपत. मी एकदा म्हटलं, "अहो, लग्न माझ्याशी केलंत की हिच्याशी?" तर म्हणाले, "ती खोटं बोलत नाही." म्हणजे मी बोलते! असे आमचे मधुसूदनराव.

यवतमाळला आमच्या सासरी सगळे वकील नाहीतर कचेरीतले. हे एकटेच इंजिनाच्या नादी लागले, परवाना मिळवून आले, आणि नागपूरच्या एका कंपनीत विमानाचे मेकॅनिक झाले. कंपनीचा धंदा म्हणजे कपाशीवर विमानातून औषध फवारायचं. नवीन महाराष्ट्र होऊन तीनचार वर्षं झाली होती, आणि शेतीत काहीतरी आधुनिक करून दाखवायचं सगळ्यांच्याच डोक्यात होतं. त्याच कंपनीत वैमानिक म्हणून माझा पाठचा भाऊ अनंत लागला. एकानं नीट करायचं, दुसऱ्यानं उडवायचं. माहेर आणि सासर एकाच खटाऱ्याला जुंपलंय, असं मी सगळ्यांना हसत सांगायची. तेव्हा हसत होते मी.

त्या वर्षी भादव्याच्या तोंडाशी कंपनीनं विमान राळेगावकडे आणलं. गावाबाहेरच्या गायरानावर गवत कापून पट्टी केली होती, कडेला एक तंबू. अनंत तंबूत झोपायचा, आम्ही राळेगावात खोली घेतली होती. हाताखालचा माणूस हिवतापानं पडला, त्याला एसटीत बसवून नागपूरला पाठवला, आणि पोथी वाचायचं काम माझ्या गळ्यात आलं. कारण यांचा नेम असा, की एकानं पुस्तकातलं कलम मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते करायचं. केल्यावर "झालं" म्हणायचं. "झालं" ऐकू आल्याशिवाय वाचणाऱ्यानं पुढच्या ओळीवर बोट न्यायचं नाही. पाठ आहे म्हणून करायचं नाही. "आठवणीनं आरती म्हणावी, बोल्ट आवळू नये," असं यांचं म्हणणं. मॅट्रिकच्या इंग्रजीवर मी रोज सकाळी स्टुलावर बसून वाचायची, विमानाच्या पोटाखालून "झालं" येई, की पुढची ओळ. अनंत मला पुराणिकबुवा म्हणायचा.

पट्टीच्या पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. एकेकाळी त्या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता तांड्याची स्वतःची शेती होती, तरी बैल म्हटलं की माणसांचे डोळे अजून बदलायचे. फवारणीच्या वेळी शेताच्या दोन टोकांना झेंडे धरून उभं राहायला तांड्यातलीच माणसं असत. तांड्याचा प्रमुख, लालसिंग नाईक, स्वतः झेंडा धरी. त्याची बायको बसंतीबाई, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली, मला रोज ताक आणून देई. विमानाला ती इमान म्हणे. "आमची कपाशी राखून राह्यलं इमान," म्हणे, "गरीब जनावर हाय, नुसतं वरडते जास्त."

मला मात्र ती जागा पहिल्यापासून आवडली नाही. औषधाचा वास पोळीत शिरायचा. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सकाळी चिमण्या, साळुंक्या पडलेल्या दिसायच्या, आणि कुत्रीही त्यांना तोंड लावायची नाहीत. तांड्याचे बैल त्या पट्टीजवळ आले की थबकायचे, मारलं तरी पाय टाकायचे नाहीत. मी यांना म्हटलं, तर म्हणाले, "बैल आवाजाला बुजतात." असेल. माझंही मन बुजत होतं, त्याला कुठल्या खंडात औषध होतं?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, अनंत शेवटची खेप मारून उतरत होता. आडवा वारा सुटला. एक चाक पट्टीतल्या जुन्या गाडीवाटेच्या चाकोरीत गेलं, विमान एका अंगावर आदळलं, उडालं, पुन्हा आदळलं. माझ्या हातातला पेला खाली पडला. अनंत मात्र उडी मारून हसतच बाहेर आला. "ताई, चेहरा काय करतेस असा? जरा गचका बसला. चहा टाक."

हे धावत विमानापाशी गेले. खाली वाकले, डाव्या अंगाला गेले. त्या विमानाचे पंख वर होते, आणि प्रत्येक पंखाखाली तिरपी दांडी, पंखाला टेकू दिल्यासारखी. ही दांडी खाली अंगाला जिथं मिळते तिथं छातीच्या उंचीवर एक पोलादी कान होता, त्यातून बोल्ट. सगळा पंख त्या कानावर तोललेला. तिथं चिखल उडाला होता आणि उजेडही राहिला नव्हता. हे म्हणाले, "उद्या सकाळी घासलेटची तपासणी करू. तोवर हे उडणार नाही." अनंतनं तोंड वाकडं केलं, पण भाऊजींपुढे तो बोलत नसे. आम्ही दोघं राळेगावला गेलो. यांना नागपूरला फोन लावायचा होता आणि मला शाळेतून खडू आणायचे होते, कारण त्या तपासणीला खडूची पूड लागते. फोनवर मॅनेजर म्हणाला, "अळीला पोळ्याची सुट्टी नसते. उद्या दोन शेतं झालीच पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर विमान पिवळं! दोन्ही दांड्यांची बुडं, ते कान, बोल्ट, सगळं हळदीनं माखलेलं. नाकाला कुंकू, पंख्याला झेंडूची माळ. अनंत हसून हसून बेजार. त्यानं सांगितलं, की काल दिवेलागणीला बसंतीबाई आणि तांड्यातल्या बायका गाणी म्हणत आल्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात, वर्षभर जू वाहून दुखावलेले असतात म्हणून हळद-तूप चोळतात, शेकतात, आणि त्यांच्या कानात सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' तांड्याच्या बैलांचं झालं, मग त्यांना इमान आठवलं. तेही कपाशीत राबतंय, त्याचे खांदे कोण मळणार? "मी आत स्वयंपाकात होतो," अनंत म्हणाला, "बाहेर आलो तर यांची खांदमळणी उरकलेली. मलाही टिळा लावला आणि आवतण दिलं. आज दुपारी मी तांड्यावर जेवायला."

मला हसू आलं. पण यांचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. नेमकी त्याच वेळी बसंतीबाई ताक घेऊन आली. हे तिच्यावर ओरडले, आयुष्यात मी यांना तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. "बैल आहे का हा? माणूस मरतो यात! पुन्हा हात लावलात तर बघा!" बसंतीबाईनं ओढणी पुढे ओढली. काहीतरी बोलायला तिचं तोंड उघडलं होतं ते मिटलं. ताकाचा लोटा तिनं खाली ठेवला आणि वळून गेली.

मग आम्ही पोथी उघडली. मी वाचलं, भाग पेट्रोलनं धुऊन ग्रीस आणि तेल पूर्णपणे काढावं. यांनी धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. "झालं." हळद आणि उरलासुरला चिखल गेल्यावर डाव्या कानावर रंगाला एक बारीक चीर दिसली. यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मी वाचलं, चीर नुसती रंगाची आहे की पोलादाची हे कळण्यासाठी रंग खरवडून भागावर घासलेट लावावं, मुरू द्यावं, कोरडं पुसावं, वर खडूची पूड लावावी. पोलादाला चीर असेल तर आत शिरलेलं घासलेट बाहेर झिरपेल आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटेल. यांनी रंग खरवडला. खाली पोलाद चकचकीत. घासलेट लावलं, थांबलो, पुसलं, पूड लावली. आणि तिघंही त्या पांढऱ्या डागाकडे बघत बसलो. वारा पडला होता. तांड्यावर ढोल वाजत होते. लहानपणी पंक्चर काढणाऱ्याच्या परातीत बुडबुडा येतो का ते आम्ही बहीणभाऊ असेच टक लावून बघायचो.

रेघ उमटली नाही. पूड पांढरी ती पांढरीच राहिली.

"पुढची ओळ," हे म्हणाले. मी वाचलं, संशय राहिल्यास भाग सोडवून सोड्याच्या पाण्यात उकळावा आणि तपासणी पुन्हा करावी. यांनी पुडीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "संशय राहिला नाही," म्हणाले. "झालं."

यात यांचं काय चुकलं, ते मी पुढे आयुष्यभर शोधलं. पुस्तकात ग्रीस होतं, यांनी ग्रीस काढलं. पुस्तकात तेल होतं, तेल काढलं. पोळा पुस्तकात नव्हता.

अनंत निघायच्या तयारीत असताना लालसिंग नाईक आला. पागोटं नवं, पण चेहरा उतरलेला. यांना रामराम घालून म्हणाला, "साहेब, आज पोया हाय. आजच्या दिवशी कोनाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. उद्या उडवा ना."

"नाईक, याला जू कुठंय?" अनंत म्हणाला.

"जू नसन बापा, खांद तं हाय ना! काल मळलं, आज जुपलं, हे बरं नाई. मी झेंडा धरतो, माहे पोट्टे बी धरतीन, पन मन मानून नाई राह्यलं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. यांना सकाळी ओरडल्याची लाज वाटत असावी. पण मॅनेजरचा फोन होता, अळी होती, आणि पूड पांढरी होती. "पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक आहे, नाईक," एवढंच म्हणाले.

अनंतनं टोपी चढवली. कपाळावरचा टिळा तसाच होता, पुसला नव्हता. मला म्हणाला, "ताई, तू तांड्यावर जा आणि नाईकणीची समजूत काढ. भाऊजींनी उगाच फाडून खाल्लं तिला. म्हणावं, अनंत दोन शेतं करून जेवायला येतो, ताट वाढून ठेव." आणि माझ्या हातावर थाप मारून चढला. जपून जा म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. रोजच म्हणायची, म्हणून त्या दिवशी नाही म्हटलं.

तांड्यावर बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांच्या माळा, अंगणात पुरणाचा वास. बसंतीबाई चुलीपुढे बसली होती. मला पाहताच उठली, रुसवा वगैरे काही नाही. पाट दिला. दाराशी पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या. "ह्या बैलाईच्या," ती म्हणाली, "हे तुह्या भावाचं ताट, अन् हे एक इमानाचं. खात नाई तं नाई, पन आवतण देलं तं वाढा लागते." मी यांच्यासाठी माफी मागितली. ती म्हणाली, "त्याईचं बरोबर हाय बाई. ज्याचं जनावर त्याचा जीव लागते."

वरून विमानाचा आवाज जात-येत होता. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळण, मग परत. पुरणात वेलदोडा कालवता कालवता तिनं सहज विचारलं, "भरलं काय त्याचं खांद?"

"कसलं खांद?"

"डाव्या अंगाचं. फुटलं व्हतं ना. चिखल पुसला तं रंग उलला दिसला, बोटाले चीर लागे. बैलाचं खांद फुटते तवा आमी करतो तसंच केलं. तुपात मेण कढवलं, गरम फडक्यानं शेक शेक शेकलं, अन् मेण आत उतरवलं. वरून हयद. आमच्या आजीच्या हातचं औषध हाय ते, पानी नाई शिरत मंग आत. सकाळी तेच सांगाले आलती साहेबाले. म्हटलं, चार दिस जुपू नका."

मी उठले ते मला आठवत नाही. मेण. शेकून आत उतरवलेलं मेण. वरचं सगळं पेट्रोलनं गेलं, आतलं राहिलं, मग घासलेट शिरणार कुठं आणि झिरपणार कुठून? पूड पांढरी राहणारच! मी पायात काही न घालता धावत सुटले, कपाशीतून, चिखलातून. "अहो! उतरवा त्याला! उतरवा!" हे पट्टीच्या कडेला उभे होते, आवाजानं वळले. मी काय ओरडतेय ते यांना ऐकू येत नव्हतं. पलीकडे शेताच्या टोकाला लालसिंगचा पांढरा झेंडा दिसत होता, आणि विमान त्याच्या डोक्यावरून वर उठून डावीकडे वळायला लागलं होतं. रोजचं वळण, रोज शंभरदा घेतलेलं.

वळतानाच डावा पंख वर मिटला. पुस्तक मिटावं तसा, काही घाई नसल्यासारखा. मग आवाज थांबला आणि कपाशीच्या मागे विमान दिसेनासं झालं. बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत राहिला.

भावाचं मी काही सांगणार नाही. लालसिंगनं मला पुढे जाऊ दिलं नाही, त्याचे उपकार.

यांना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हे रडतील, नाहीतर तांड्यावर धावून जातील. यांनी एवढंच विचारलं, "मेण होतं?" मी हो म्हटलं. मग तिसरा खंड उघडून ती उकळायची ओळ काढली आणि त्यावर बोट ठेवून बसून राहिले. मला यांचा राग आला, पुस्तकाचा आला, आणि त्या बाईचा तर इतका आला की तिच्या त्या चुलीत तिची ती तुपाची वाटी फेकावी. कुणी सांगितलं होतं तुला माया करायला?

दोन दिवसांनी नागपूरहून चौकशीचे साहेब आले, सोबत फौजदार. मोडलेल्या कानाचा तुकडा टेबलावर ठेवला होता. अर्धी चीर जुनी, अर्धी नवी, साहेबांना बघताक्षणी कळलं. जुन्या भागात काही पिवळट होतं, पण सगळ्यावरच औषध आणि माती लागलेली, त्यांनी ते पुसून टाकलं. फौजदाराला मात्र तुकड्यात गोडी नव्हती. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "तांड्यावरच्या कोणी विमानाला हात लावला का? बघा आठवून. या लोकांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो." सरकारनं त्या जातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का काढून दहाएक वर्षं झाली होती, पोलिसांच्या मनावरचा निघाला नव्हता. हळद-तूप म्हणायची खोटी, की लालसिंग, बसंतीबाई, सगळा तांडा चौकीत बसला असता, आणि दोन तासांत हळदीचा घातपात झाला असता.

मी दाराआड उभी होते. माझा भाऊ गेला होता, मला कुणीतरी चौकीत बसलेलं हवं होतं. खरंच हवं होतं.

"कोणी हात लावला नाही," हे म्हणाले. "तपासणी मी केली. चीर होती, मला सापडली नाही."

साहेबांनी तुकडा उचलून बाजूला ठेवला. पुस्तकाप्रमाणे केली का, असं विचारलं. "माझ्याकडून राहून गेलं," हे म्हणाले. पुस्तकावर अक्षरही न चुकणारा माणूस! यांचा परवाना गेला. पुढे जन्मभर यवतमाळात पाण्याचे पंप दुरुस्त केले.

पण त्या आधीची गोष्ट. अनंतचे दिवस अजून व्हायचे होते, आम्ही खोलीतलं सामान बांधत होतो, तेव्हा बसंतीबाई आली. आत आली नाही, उंबऱ्याशी बसली. ओढणीखालून एक ताट काढून तिनं पुढे ठेवलं, रिकामं, घासून लख्ख केलेलं. "त्याचं हाय हे," म्हणाली. "याच्यात आता दुसऱ्या कोनाले वाढवत नाई, म्हून तुह्यापाशी आनलं." मग ओढणीचं टोक बोटांत पिळत राहिली. तिच्या नखांत हळद होती.

"बाई, एक खरं सांगजो," ती म्हणाली. "आवतण देलं अन् मानूस जेवाले आला नाई, असं आमच्यात कवाच झालं नाई. माह्या हातानं काई चुकलं काय? तुपात काई कमी पडलं काय?"

आत हे पुस्तकं पोत्यात घालत होते. दोर ओढायचा आवाज थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. सांगायचं सगळं माझ्या जिभेवर होतं, मेण, शेक, चीर, पांढरी पूड. एका वाक्यात सांगून झालं असतं, आणि ती बाई पुन्हा कुठल्या बैलाच्या खांद्याला हात लावू शकली नसती.

"नाही बसंतीबाई," मी म्हटलं. "तूप चांगलं होतं. तुमच्या हातानं काही चुकलं नाही."

तिनं माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले आणि उठून गेली. मी ते ताट घेऊन तशीच उंबऱ्यात उभी राहिले. आतून यांचा आवाज आला, अगदी हलका, विमानाच्या पोटाखालून यायचा तसा.

"झालं."